पुंजाजींनी सुनेला चांगलं म्हटलं

गुरुवारी सकाळी पुंजाजींच्या वरणात न मागता तूप पडलं. एक चमचा पडला तेव्हा त्यांना वाटलं, हात चुकला असेल. दुसरा पडला तेव्हा त्यांनी मान वर केली. सून कोकिळा गालातल्या गालात हसत होती.

"छकुले, तुह्या मायले इचार, आज कोनता सन हाये?" पुंजाजी म्हणाले.

छकुली तेव्हा शाळेत होती. पण सुनेशी जे बोलायचं ते नातीचं नाव घेऊन बोलायचं, हा पुंजाजींचा शिरस्ता होता. नात जन्मायच्या आधी हेच निरोप ते म्हशीच्या नावानं देत असत. वरणात मीठ कमी आहे, चहा गार झाला, धोतराला नीळ जास्त झाली, असे नऊ वर्षांतले हजारो निरोप कोकिळेला पोचले होते. त्यांत चांगला निरोप एकही नव्हता. चांगलं झालं की पुंजाजी गप्प बसत आणि ते गप्प बसले की झालं असेल बरं, असं समजायला ती शिकली होती.

"सन नाही काही मामाजी," कोकिळा म्हणाली. "घ्या अजून थोडा भात."

पुंजाजींना काहीच उमगेना. शेवटी हात धुताना मुलगा गोपाल शेजारी आला आणि त्यानं मोबाईल पुढे धरला. "बाबा, हे पाह्यलं काय? सगळ्या गावात फिरून राह्यलं."

पडद्यावर पुंजाजी होते. डोक्याला टोपी, मागं गोठ्याची भिंत, खालच्या कडेला कुणाच्या तरी शर्टाच्या खिशाची शिवण. आणि हे पुंजाजी चक्क बोलत होते, "तुमी इचारलं म्हून सांगतो. माही बायको गेल्यावर पाच साल मी पोट भरलं, जेवलो नाही. ही पोरगी आली आन मले मांगून जेवाची सवय लागली. मांगच्या साली टायफाईड झाला तं सतरा दिवस माह्या उशाशी बसून होती. पोटची पोरगी असती तं तिनं इतकं केलं असतं का, मले नाही ठाऊक. हिची बहीन हाये ना? मंग डोये झाकून करा."

पुंजाजींच्या हातातला तांब्या नळाखाली भरून वाहायला लागला.

घडलं होतं ते असं. कोकिळेची धाकटी बहीण अश्विनी हिची सोयरीक जानेफळच्या भागवतशी जुळत आली होती. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीखही धरली होती. पण आपल्याकडे मुलगी पाहून कुणाचं समाधान होत नाही. तिची थोरली बहीण जिथं दिली असेल तिथं जाऊन, तिच्या सासऱ्याला गाठून, थोरली कशी निघाली हे विचारावं लागतं. म्हणून आदल्या रविवारी भागवतचे काका भाऊराव पुंजाजींकडे येऊन गेले. घरी कुणी नव्हतं. गोठ्यात दोघं बसले, तंबाखू मळली आणि म्हशीखेरीज कुणी ऐकत नाही असं पाहून पुंजाजी नऊ वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले.

ऐकत होता भाऊरावांच्या खिशातला मोबाईल. यात भाऊरावांचाही दोष नव्हता. भागवतची आई सिंधूताई यांनी त्यांना बजावून पाठवलं होतं, "भाऊजी, तुमचं सांगनं मले नको. त्या मान्साच्या तोंडून ऐकवा." कारण याआधी भाऊरावांनी एक स्थळ बागायतदार म्हणून आणलं होतं आणि त्या बागायतीत लिंबाचं एकच झाड निघालं होतं. तेव्हा भाऊरावांनी पुरावा आणला, सिंधूताईंना दाखवला, त्यांनी खूश होऊन तो मुलीच्या आईला पाठवला, आईनं कोकिळेला, आणि कोकिळेनं आनंदाच्या भरात गावाच्या ग्रुपवर टाकला.

पुंजाजी त्या दिवशी हनुमानाच्या ओट्यावर गेले तेव्हा ओटा त्यांची वाटच पाहत होता.

हा ओटा म्हणजे गावातल्या सासऱ्यांची कचेरी. रोज सकाळी तिथं सुनांची गाऱ्हाणी होत आणि त्यात पुंजाजींचा पहिला नंबर ठरलेला. त्यांच्या तोडीचं गाऱ्हाणं कुणाला जमत नसे. नारायणराव तर दुसऱ्या नंबरावर बसून बसून कंटाळले होते.

"या, या!" नारायणराव ओरडले. "पोट भरलं, जेवलो नाही! पुंजा, कवी झाला काय बे?"

"सून नाही ते, माय भेटली तुले," दुसरा म्हणाला.

"आन आमच्यासंग नऊ साल काय करून राह्यला होता? आमच्या घरचं ऐकाले येत होता काय?"

पुंजाजींचे कान तापले. ओट्यावरची नऊ वर्षांची पत त्यांना डोळ्यांदेखत बुडताना दिसली. ते म्हणाले, "ते मी नाही."

"मंग कोन हाये? टोपी तुही, मिशी तुही, मांगं गोठा तुहा."

आठवड्यापूर्वी शाळेत सायबर पोलिसांचा कार्यक्रम झाला होता. नागसेन नावाच्या तरुण शिपायानं पडद्यावर दाखवलं होतं, की आजकाल चेहरा तुमचा, आवाज तुमचा आणि बोलवणारा भलताच, असा व्हिडिओ कुणीही बनवू शकतं. कार्यक्रमात पुंजाजींना डुलकी लागली होती, पण एक शब्द डोक्यात शिरून बसला होता. तो आता देवासारखा धावून आला.

"डीपफेक हाये ते," पुंजाजी म्हणाले.

नारायणरावांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "हाव बे," ते हळूच म्हणाले. "मले वाटलंच. याच्या तोंडातून चांगलं निघनच कसं?"

पुंजाजींची पत वाचली. पण त्या शब्दाची चव एकट्या पुंजाजींपुरती राहिली नाही. संध्याकाळपर्यंत सरपंचांनी नळाला रोज पाणी देण्याचा जो शब्द प्रचारात दिला होता, त्याचा व्हिडिओ डीपफेक ठरला. दुसऱ्या दिवशी आशाबाईंनी लग्नातल्या पंगतीत जावेचं जे उणंदुणं काढलं होतं, त्याचा व्हिडिओही डीपफेक निघाला. गोविंदाचा बैल शेजाऱ्याच्या तुरीत चरतानाचा फोटो तर गोविंदानं स्वतःच हातात धरून सगळ्यांना दाखवला, "पाहा, कसा हुबेहूब बैल बनवते हे लोक!" शेजाऱ्याची तूर तेवढी खरोखर खाल्ली गेली होती, तिचं कुणाला काही सांगता येईना.

कोकिळेला ही बातमी आशाबाईंनीच दिली. सांत्वन करायला म्हणून आल्या होत्या. "तरीच म्हनलं बाई," त्या म्हणाल्या. "पुंजाजी आन असं बोलतीन?"

कोकिळा गहू निवडत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "हाव," ती म्हणाली. "मलेबी वाटलंच होतं."

पुंजाजी ओसरीवर होते. त्यांनी ते ऐकलं.

त्या दिवसापासून घरात सगळं ठीक चाललं आणि तेच पुंजाजींना सोसेना. वरणात मीठ नेमकं. चहा कढत. धोतर पांढरंशुभ्र. कोकिळा भांडली असती, भांडी आपटली असती, तर पुंजाजींना बरं वाटलं असतं. ती फक्त ताट ठेवून आत जायची. जेवताना पुंजाजी आपली चूक सोडून ताटातली चूक शोधत बसायचे आणि ती सापडायची नाही.

"बाबा, ते खरंच तुमी नोता काय?" गोपालनं एकदा हिय्या करून विचारलं.

"तुले काय वाटते?"

"मले काही वाटत नाही," गोपाल म्हणाला. दोघांच्या मध्ये राहून राहून त्याला ही सवय लागली होती.

रविवारी दुपारी अश्विनीचा फोन आला. कोकिळा स्वयंपाकघरात बोलत होती. बोलत कसली, ऐकतच होती. मग बाहेर येऊन ती गोपालला म्हणाली, "जानेफळवाले साक्षगंध थांबवून राह्यले. सिंधूताई म्हनते, ज्याची सून तोच मानूस म्हनते व्हिडिओ खोटा हाये. मंग हा बनवला कोनं? एक तं भाऊरावनं, नाही तं मुलीवाल्यायनं. आन जे लोक सासराच बनवते, ते पोरीच्या बाबतीत काय खरं बोलतीन?"

"बुधवारी हाये ना साक्षगंध?" गोपाल म्हणाला.

"होतं," कोकिळा म्हणाली. "ते पोरगी रडून राह्यली तिकडं. माह्यापायी तिचं मोडून राह्यलं."

पुंजाजी बाजेवर होते. ते उठले. आता सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. "छकुले," ते म्हणाले, आणि पुढं काहीच निघेना. मग ते तसेच गोठ्यात गेले आणि चारा घातलेल्या म्हशीला पुन्हा चारा घातला. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. एका पोरीचं लग्न आपल्या टोपीखाली अडकलंय हे त्यांना कळत होतं, पण ओट्यावर नारायणराव काय म्हणतील हेही कळत होतं, आणि साठी उलटलेल्या माणसाला दोन्ही एकदम पेलत नव्हतं.

सोमवारी सकाळी अंगणात जीप थांबली. आधी भाऊराव उतरले, लालबुंद. मग सिंधूताई. मागोमाग मोटारसायकलवरून शिपाई नागसेन. भाऊराव त्याला तालुक्याच्या ठाण्यातून जवळजवळ ओढूनच घेऊन आले होते.

"साहेब, माह्यावर म्हातारा बनवल्याचा आळ हाये!" भाऊराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मले मोबाईलमधी फोटो फिरवता येत नाही. मी जिता मानूस बनवन काय?"

"भाऊजी, तुमी लिंबाचं झाड बागाईत करून दाखवलं होतं," सिंधूताई म्हणाल्या. "तुमचं काही सांगता येत नाही."

जीप पाहून ओटा उठून अंगणात आला होता. नारायणरावांनी सगळ्यांत पुढची जागा धरली. कोकिळेनं पाणी आणून दिलं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. नागसेननं पाणी प्यायलं, एकदा पुंजाजींकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं.

"काका, हा व्हिडिओ खोटा हाये अशी तुमची तक्रार हाये ना?"

"तक्रार नाही," पुंजाजी म्हणाले. "म्हननं हाये."

"खोटा असन तं गुन्हा हाये. भाऊरावचा मोबाईल जप्त करावा लागन. त्यायलेबी ठाण्यात यावं लागन."

"आन खरा असन तं?"

"मंग काहीच नाही."

भाऊराव खाली बसले.

"तपासाले अवघड नाही," नागसेन म्हणाला. "तुमच्या आवाजाचा नमुना लागन. व्हिडिओतले बोल तुमी तुमच्या तोंडानं जसेच्या तसे म्हना, मी रेकॉर्ड करतो. दोन्ही ताडून पाहू." हे असं नियमात बसतं की नाही ते नागसेनलाच ठाऊक, पण त्यानं मोबाईल काढून खुर्चीवर उभा केला तेव्हा कुणाला शंका आली नाही.

"इथं? सगळ्यायपुढं?"

"साक्षीदार लागते काका."

पुंजाजींनी शेवटचा प्रयत्न केला. "मले वाचता येनार नाही. चष्मा वावरात राह्यला."

"गोपालभाऊ वाचतीन, तुमी मांगून म्हना."

गोपालनं व्हिडिओ ऐकून ऐकून कागदावर उतरवला. नागसेननं बटण दाबलं. पुंजाजी सावधानमध्ये उभे राहिले आणि पोलिसांपुढे नाव-गाव सांगावं तसे म्हणाले, "तुमी इचारलं म्हून सांगतो माही बायको गेल्यावर पाच साल मी पोट भरलं." इथं म्हैस रेकली.

"पुन्हा," नागसेन म्हणाला. "आन जरा नेहमीसारखं बोला काका. कवायतीसारखं नको."

दुसऱ्या वेळी म्हैस गप्प बसली, पण गोपाल अडला. स्वतःचं अक्षर त्याला लागेना. "जेव... जेवलो नाही. ही... ही पो..."

"‘ही पोरगी आली आन मले मांगून जेवाची सवय लागली,’" दारातून आवाज आला.

सगळ्यांनी मागं पाहिलं. कोकिळेच्या हातात ना कागद होता ना मोबाईल. ती जमिनीकडे पाहत होती.

"आन ‘सवय’ म्हनाच्या आधी तुमी थोडे खोकता मामाजी," ती म्हणाली. "ते राह्यलं."

गोपालनं कागद खाली केला. सिंधूताई त्या पोरीकडे पाहत राहिल्या. एखादी गोष्ट माणूस किती वेळा ऐकतं तेव्हा त्यातला खोकला पाठ होतो, याचा हिशेब अंगणातल्या प्रत्येकानं आपापल्या मनात केला. पुंजाजींनीही केला. खोटा आहे म्हटल्यावरही ही पोरगी तो व्हिडिओ ऐकत होती.

"सांग पुढचं," पुंजाजी म्हणाले. त्यांनी छकुलीचं नाव घेतलं नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

"‘मांगच्या साली टायफाईड झाला तं सतरा दिवस...’"

"सतरा नाही," पुंजाजी म्हणाले.

"व्हिडिओत सतराच हाये काका," नागसेन म्हणाला.

"व्हिडिओत चूक हाये. एकवीस. सतरा दवाखान्यातले झाले. घरी आल्यावर अजून चार दिवस ती तशीच बसून होती. मी डोये मिटून पडलो होतो, पन झोपलो नोतो. ती कपाळावर हात ठेवून पाहे, ताप हाये का गेला. मले कयत होतं. मी मुद्दाम उठलो नाही. उठलो असतो तं काहीतरी बोलावं लागलं असतं."

भाऊराव धास्तावून उठले. "म्हंजे काय? व्हिडिओ खोटा निघाला काय?"

"खोटा नाही," पुंजाजी म्हणाले. "कमी हाये."

त्यांनी टोपी काढली आणि तोंड पुसलं. मग नारायणरावांकडे वळून म्हणाले, "हास बे आता. काय हासाचं ते हासून घे."

नारायणराव हसले नाहीत. कोकिळा आत निघून गेली होती. आतून कुठल्याच भांड्याचा आवाज येत नव्हता.

"पुंजाजीभाऊ," सिंधूताई म्हणाल्या, "मंग चार दिवस नाही काऊन म्हनलं? तिकडं माह्या घरात महाभारत झालं."

"लाजलो," पुंजाजी म्हणाले.

एवढं साधं उत्तर येईल असं सिंधूताईंना वाटलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला. "बुधवारीच साक्षगंध," त्या म्हणाल्या. "जिची थोरली असी हाये तिची धाकटी मी सोडत नसते."

"आन माहं काय?" भाऊराव म्हणाले. "माह्यावरचा आळ?"

"म्हातारा खरा निघाला भाऊजी. झाड एकच हाये."

कोकिळेनं चहा आणला तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि ती हसत होती. पुंजाजींनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहायला लागले.

"साखर जास्त झाली," पुंजाजी म्हणाले. मग थोडं थांबून, मोठ्या कष्टानं, सरळ सुनेकडे पाहून ते पुढे म्हणाले, "पन राहू दे. चांगली लागते."

जीप गेली. ओटा पांगला. नागसेन मोटारसायकलला किक मारणार, तेवढ्यात गोठ्याच्या आडून नारायणराव पुढं आले.

"साहेब, एक इचारू काय? ते डीपफेक बनवाले किती वेळ लागते?"

"काऊन? गुन्हा हाये तो काका."

"दुसऱ्याचं नाही. माहंच बनवाचं. माह्याच तोंडाचं." नारायणरावांनी आवाज आणखी खाली आणला. "धाकट्या सुनेसाठी. तीन साल झाले, तिच्या भाकरीले मी नावं ठेवून राह्यलो. भाकर चांगली असते हो. पन मले चांगलं म्हनता येत नाही. जीभच उचलत नाही. मशीन म्हनत असन तं मशीनले म्हनू द्या."

नागसेनला हसू येत होतं, पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून तो हसला नाही. "बनवता येईन," तो म्हणाला. "पन काका, कोकिळाताईले पाह्यलं ना तुमी आत्ता? उद्या तुमच्या सुनेनंबी ते असंच ऐकून ऐकून पाठ केलं, आन मंग तिले कयलं का ते मशीननं म्हनलं होतं, तं?"

नारायणराव विचारात पडले. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. ओट्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग त्यांनी टोपी नीट केली, मिशीवरून हात फिरवला आणि नागसेनला मोबाईल काढायची खूण करून छाती काढून उभे राहिले.

"मंग खराच घ्या," ते म्हणाले. "पन ओट्यावर कोनी इचारलं तं सांगजा, डीपफेक हाये."